तोंडात मिसरी हाय तोवर

पारूच्या फोटोखाली कुनी हात जोडलेली चित्रं टाकू नका.
हात रिकामे असतील तर घरात जाऊन भांडी घासा.

पारू माझी धाकटी जाऊ. गालाच्या कॅन्सरनं गेली. आज वरीस झालं.

सकाळपासून बघतीय, ज्याच्या त्याच्या स्टेटसला एकच. व्यसनानं घात केला. मिसरी सोडा, जीवन वाचवा.
तिच्या पोरानं, सुनीलनंबी तेच टाकलंय. वर गुलाबाचं फूल.

सुनील, तुझ्या आईला मिसरी कशी लागली ते तुला ठावं न्हाई. मी तुझी चुलती हाय, सांगते.

लग्न होऊन आली तवा तिला तंबाखूचा वास सहन हुत नव्हता. आमची सासू मिरजगावच्या बाजारातनं तंबाखू आनायची, तव्यावर काळी भाजायची, कुटून डबीत भरायची. त्या धुरानं पारू खोकत अंगनात पळायची.

आन घरात रीत अशी, की बाई बसलेली दिसली की तिला काम सांगायचं.
जेवत असली तरी. पोरगं पाजत असली तरी.
"बसलीच हायस तर" म्हनून शेंगांचं टोपलं पुढ्यात.

फक्त दाताला मिसरी लावनाऱ्या बाईला कुनी उठवत नव्हतं. तोंड भरलेलं, बोट काळं. असल्या हातचा चहा कोन घेनार? सासू नुसता हात हलवायची, माझं व्हायचंय म्हनून.

पारूनं ते बघितलं. पोरगी हुशार हुती.
पोळ्याच्या आत तिच्या कमरेला डबी आली.

आजार निघाला तवा नगरच्या डॉक्टरनं बजावलं. हिनं डबी चुलीत टाकली. थोडे दिस बरे गेले, मग नवी डबी आन परत उंबऱ्यात बसून बोट तोंडात. मी लई शिव्या घातल्या. जीव नको झालाय का म्हनलं.

ती थुंकली, पदरानं तोंड पुसलं.
"अक्का, मिसरी न लावता बसले की पाय आपोआप उठत्यात. कुनी हाक मारली न्हाई तरी."

डॉक्टर म्हनले तंबाखू डोक्याला धरून ठेवती. ठेवत असंल. त्यांनी डबी टाकायला सांगितली. बस म्हनून कुनी सांगितलं न्हाई.

पारू, तुझंबी चुकलंच. तोंड हुतं ना? उठत न्हाई म्हनायचं हुतं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, कावळा शिवेना.
तवर एका पुढाऱ्यानं माईकवर व्यसनमुक्तीचं भाषन उरकलं. गाल फुगलेला, आत तंबाखूचा बार.

मग सुनीलनं खिशातनं आईची डबी काढली. हिचा जीव ह्यात अडकलाय म्हनून पिंडाशेजारी ठेवायला निघाला. म्हातारे व्हय व्हय म्हनले.

मी डबी हिसकली.
कारन तवाच मला त्याच्या बायकोचं, रेखाचं बोट दिसलं. काळं पडलेलं.

"हिचा जीव कशात हाय ते मी सांगते," मी म्हनले. "सगळ्यांदेखत बोल सुनील. रेखा बसली तर मी तिला उठवनार न्हाई."

लोक हसले.
"मोठी आई, इथं काय हे," सुनील म्हनला. मान खाली घालून पायानं वाळू उकरत बसला.
शब्द दिला न्हाई. कावळाबी आला न्हाई. पिंड गायीला घातला आन सगळे चहाला गेले.

आज वर्षश्राद्धाला घर भरलेलं. रेखा पहाटपासून चुलीम्होरं. पंगत उठल्यावर कुठं उंबऱ्यात टेकली. लगेच सुनीलची खुर्चीतनं हाक, पाव्हन्यांना पानी दे.

रेखा उठली न्हाई. तिनं कमरेची डबी काढली.

मी जाऊन तिच्याशेजारी बसले. डबीवर हात ठेवला.
"तांब्या तुझ्याम्होरं हाय, सुनील," मी म्हनले. "पायबी हायेत."

तो मोबाईलातल्या आईच्या फोटोकडं बघत ऱ्हायला. मग तोंड वाकडं करून उठला.
डबी आज उघडली न्हाई.

उद्या मी परत त्या उंबऱ्यात जाऊन बसनार. रोज बसनार. कुनाला त्रास हुत असंल तर हू दे.

पारू, फुलं तुझ्या लेकानं वाहिलीत. माझ्याकडं फुलं न्हाईत.
तू बस आता. कुनी उठवत न्हाई.