आकडे तेवढे वाचता आले

गडचिरोलीच्या एका कचेरीत मी कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो, तेव्हाची गोष्ट. कचेरीची वेबसाइट मीच बनवली होती आणि मला तिचा गर्व होता, तो आता लपवण्यात अर्थ नाही. वर लाल अक्षरं धावायची, कोपऱ्यात एक वाघ डोळे मिचकावायचा. साहेब पाहुण्यांना आधी वाघ दाखवत, मग चहा सांगत. पान नीट दिसतं की नाही हे मी रोज तपासायचो, पण ते माझ्याच मशीनवर.

त्या वर्षी आरोग्यसेविकांच्या भरतीची पत्रं टपालानं पाठवणं बंद झालं. यादी वेबसाइटवरच पाहावी, असं ठरलं. मी यादी टाकली. वर सूचना, खाली अर्ज क्रमांक आणि नावं. मग मी ती विसरूनही गेलो.

एका सकाळी माझ्या टेबलासमोर एक बाई येऊन उभी राहिली. तिशी ओलांडलेली, चपला चिखलानं भरलेल्या, हातात वहीचं पान. अहेरीजवळच्या गावची, घरचे लोक नदीवर मासे धरणारे, नर्सिंगचा कोर्स केलेली, एवढं तिनं मी विचारायच्या आधीच सांगितलं. मग पान पुढं केलं.

"भाऊ, हे काय लिवलं हाये?"

पानावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची खूण, असं काहीबाही ओळीनं लिहिलेलं होतं. अहेरीच्या इंटरनेट कॅफेत तिला माझं पान असंच दिसलं होतं, कारण मी ज्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करायचो तो तिथल्या मशीनमध्ये नव्हता. 'फॉन्ट इथून उतरवून घ्या' अशी ओळ मी पानावर मुद्दाम टाकली होती. तीही त्याच फॉन्टमध्ये. इतका मी शहाणा.

कॅफेचा प्रिंटर बंद होता. तिनं अर्ज क्रमांकावरून आपली ओळ शोधली आणि ती ओळ नि वरची सूचना, एकेक खूण बघून वहीत उतरवली. आकडे तेवढे वाचता येत होते, त्यात तारखा दोन होत्या. कॅफेवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं की पहिली तारीख गडचिरोलीवाल्यांची, दुसरी अहेरीवाल्यांची. ती आली त्या दिवशी दुसरी तारीख होती.

मी तिच्या पानावरच्या खुणा जशाच्या तशा टाइप केल्या आणि फॉन्ट बदलला. एकही खूण चुकली नव्हती. तिचं नाव आलं, वडिलांचं आलं, मग सूचना आली. पहिली तारीख कागदपत्रं तपासायची, गैरहजर राहील तो अपात्र. दुसरी तारीख अंतिम यादीची. मला वाचून दाखवावं लागलं नाही, ती स्वतःच स्क्रीनवर वाचत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला घेऊन साहेबांकडे गेलो आणि चूक माझी आहे असं सांगितलं. साहेब वाईट नव्हते, पण यादीवर सही होऊन गेली होती. नोटीस बोर्डावर तर शुद्ध मराठीत लावली होती ना, असं ते म्हणाले. तो बोर्ड अहेरीहून एसटीनं तीन-चार तासांवर होता. तिनं वाद घातला नाही. जाताना मला एवढंच म्हणाली, "तुमच्या इथी दिसते भाऊ, आमच्या इथी नाई दिसत. एक बार येऊन पाहा."

काही महिन्यांनी वरून पत्र आलं की सगळ्या कचेऱ्यांनी आपली पानं ठरलेल्या मानकांप्रमाणे करावीत. मराठी युनिकोडमध्ये हवी, म्हणजे वेगळा फॉन्ट न टाकता ती कुठल्याही मशीनवर दिसेल. चित्र उघडलं नाही तर त्या जागी शब्द दिसावेत. धावणारी अक्षरं नकोत. साहेब म्हणाले, पहिलं पान कर, तपासायला येणारे तेवढंच पाहतात. मी सगळी केली. अक्षरं बदलून देणारा प्रोग्राम होता, पण तो रफार खाऊन टाकी आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला लावी, म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागली. काऊन एवढा जीव काढून राह्यला, असं शेजारचा बाबू रोज विचारी. वाघ काढला तेव्हा साहेब दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

पुढच्या भरतीची यादी टाकली आणि आठवडी बाजाराच्या दिवशी मी एसटीनं अहेरी गाठली. त्याच कॅफेत बसून पान उघडलं. सगळं मराठीत, काना-मात्रेसकट. मला भरून आलं. कॅफेवाल्याला म्हटलं, बघा, दिसतंय. दिसणारच, त्यात काय, असं म्हणून तो आपल्या कामाला लागला.

बाजारात मासळीच्या ओळीत ती आईशेजारी बसली होती, गिऱ्हाइकांना मासे साफ करून देत होती. मी अवघडत पुढं गेलो आणि यादी लागल्याचं, आता नीट दिसत असल्याचं सांगितलं. पाहिली, असं ती मान वर न करता म्हणाली. तुमचं नाव आहे का, म्हणून विचारलं.

"माह्यं वय निघून गेलं भाऊ. मांगच्या सालीच शेवटचं होतं."

माझ्या हातात पिशवीही नव्हती, मासे घेतल्यासारखं करायला. तिनं हातातला मासा पाण्यात बुडवून बाजूला ठेवला.

"लहान बहिणीचं नाव हाये त्यात. तारीख मीच वाचली. सोमवारची हाये. तिले आजच गाडीत बसवून देल्लं."