मागचा माणूस

ड्रायव्हरकाकांनी उभ्या आयुष्यात बस एकट्याने कधी मागे घेतली नाही. पुढे मात्र अशी न्यायचे की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांची डुलकी मोडायची नाही. पण रिव्हर्स टाकायचा म्हणजे कंडक्टरने खाली उतरायचं, बसच्या मागे जाऊन कडेला उभं राहायचं आणि पत्र्यावर हात मारायचा. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. डेपोचा नियमच होता तो. बाकीच्या ड्रायव्हरांनी घाईगर्दीत तो कधीमधी गिळला असेल, काकांनी नाही. कंडक्टर कुरकुरला तर काका इंजिन बंद करून हाताची घडी घालून बसायचे, आणि सगळी बस कंडक्टरकडे रागाने बघायची.

कंडक्टरही बहुतेक वर्षं एकच. डेपोत दोघांची जोडी प्रसिद्ध होती आणि भांडणंही. "गाडी मी चालवतो, तू नुसती तिकिटं फाडतोस," असं काका म्हणायचे. "मी मागे नसतो तर तू बस भिंतीला चिकटवून आला असतास," असं कंडक्टर म्हणायचा. दोघांचंही खरं होतं, पण मान्य करायचं कुणी?

नोकरीच्या शेवटच्या वर्षी काकांची मान आखडली. उजवीकडे थोडीफार वळायची, डावीकडे मुळीच नाही. डेपोच्या डॉक्टरांनी तपासलं, आणि काकांचं स्टिअरिंग गेलं. त्यांना ड्यूटीच्या खोलीत टेबलामागे बसवलं, दुसऱ्यांना गाड्या नेमून द्यायला. काकांनी घरी हे सांगितलं नाही. रोज तोच गणवेश घालून निघायचे आणि संध्याकाळी पायातले बूट काढता काढता "आज काय ट्रॅफिक होतं" म्हणायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. कंडक्टरला सगळं माहीत होतं, पण एवढी वटवट करणारा तो माणूस या एका बाबतीत मिठाची गुळणी धरून बसला. मैत्री म्हणतात ती हीच असावी.

काका निवृत्त झाले आणि पाठोपाठ काकूंची मावशी वारली. काकू म्हणजे त्यांची बायको. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे कपडे तिने शिवलेले, त्यामुळे ती सगळ्यांचीच काकू. मावशीने जाताना आपली जमीन भाचीच्या नावावर करून ठेवली होती. जमीन कसली, दोन एकरांचा उताराचा तुकडा. त्यात लिंबोणीच्या ओळी, दोन खोल्यांचं घर आणि मागे पत्र्याची शेड. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या काकूंनी तिथे काढल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा शिवणाचं मशीन तिकडे नेलं आणि मग नवरा.

बाग छान होती, पण गवताला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. ते आपलं वाढत होतं. भाड्याचा ट्रॅक्टरवाला "उद्या येतो" म्हणायचा, आणि त्याचा उद्या काही उजाडायचा नाही. उजाडलाच तर तो ट्रॅक्टरचं असलं धूड घेऊन यायचा की गवताबरोबर निम्म्या फांद्या जायच्या. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, झेपत नसेल तर बाग कुणाला तरी कसायला द्या आणि आमच्याकडे या. खोली रिकामीच आहे." मुलगी मायेनेच बोलत होती, पण काकू विषय बदलायच्या. त्यांना ती झाडं सोडून कुठेही जायचं नव्हतं.

"आपण एक छोटा ट्रॅक्टर घेऊ," काकू एका सकाळी म्हणाल्या.

काका पेपर वाचत होते. पेपर खाली आला. काकूंना बाग राखायची होती आणि काकांना पुन्हा एकदा स्टिअरिंग हातात हवं होतं. एका ट्रॅक्टरमध्ये दोघांचं भागेल, असं त्या सकाळी तरी दिसत होतं.

ट्रॅक्टर बघायला काका कंडक्टरला घेऊन गेले. दुकानाच्या दारातच एक लाल ट्रॅक्टर उभा होता, चाकं छातीएवढी, सीट अशी उंच की बसल्यावर दुकानदाराचं टक्कल दिसावं. काका बघतच राहिले. दुकानदार जाडसर, शांत माणूस होता. त्याने आधी प्रश्न विचारले.

"झाडांच्या ओळींत अंतर किती आहे?"

"बसेल."

"फाटक किती रुंद?"

"मी त्यातून बस काढली असती."

"बरं. आणि चालवणार कोण?"

काकांची मान एरवीही ताठच, ती आणखी ताठ झाली. "तुमच्यासमोर कोण उभं आहे?"

दुकानदाराने लाल ट्रॅक्टरकडे बघितलंही नाही. तो त्यांना एका निळ्या, बुटक्या ट्रॅक्टरकडे घेऊन गेला. "दोन एकर आणि झाडं म्हटल्यावर हा. ओळीतून आरामात जातो, जागच्या जागी वळतो."

"हा?" काका म्हणाले. "याला किल्ली देतात, की दोरी बांधून ओढतात?"

कंडक्टर हसला. दुकानदारही हसला आणि म्हणाला, "लाल तर लाल. चालवून बघा."

दुकानाच्या मागच्या आवारात दोन रिकामे ड्रम ठेवले होते. काका लाल ट्रॅक्टरवर चढले. वर्षभरानंतर हाताखाली स्टिअरिंग आलं आणि खरं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाराला त्यांनी असा सुरेख वळसा घातला की दुकानदाराने मान डोलावली. "आता ड्रमांच्या मधून मागे घ्या."

काकांनी रिव्हर्स टाकला आणि बसून राहिले. इंजिन धडधडत होतं.

"घ्या ना मागे," दुकानदार म्हणाला.

"माणूस कुठे आहे?"

"कुठला माणूस?"

"मागचा."

मागचा माणूस तोवर सवयीने मागे पोचलाही होता. कंडक्टरने मडगार्डवर दोन थापा मारल्या, "येऊ दे, येऊ दे," आणि लाल ट्रॅक्टर दोन्ही ड्रमांच्या अगदी मधून मागे आला. दुकानदाराला हसू आवरेना.

"पण बागेत हे तुमचे मित्र नसणार," तो म्हणाला. "आणि बसचं काम पुढे असतं, ट्रॅक्टरचं मागे. गवत कापायचं यंत्र मागे जोडलेलं. ते सरळ येतंय का, बुंध्याला घासतंय का, हे सारखं वळून बघावं लागतं. एकदा एकट्याने घ्या."

काका मान वळवायला गेले. ती वळली नाही. मग त्यांनी खांदा वळवला, कंबर वळवली, सीटवर अख्खे आडवे झाले, तेवढ्यात क्लचवरचा पाय सुटला. ट्रॅक्टरने उडी मारली आणि एक ड्रम गडगडत भिंतीला जाऊन लागला.

काका खाली उतरले.

"क्लच कडक आहे," काका म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं. पण बोलणार कोण? परतीच्या बसमध्ये कंडक्टर खिडकीबाहेर बघत राहिला, आणि उतरताना एवढंच म्हणाला, "पुढचं दुकान कधी बघायचं?"

पुढे बरीच दुकानं झाली. एकाची सीट टोचत होती. एकाचा हॉर्न म्हणजे शेळी शिंकावी तसा. एकाचा रंगच आवडला नाही. हात दाखवून अवलक्षण नको म्हणून कुठल्याही ट्रॅक्टरवर काका पुन्हा चढले मात्र नाहीत. इकडे गवत कमरेला आलं. काकू विळा घेऊन स्वतःच उतरल्या आणि दोन ओळी होईतो तळहाताला फोड आले. मुलीने फोन करून कळवलं, "येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी येते, तेव्हा काय ते ठरवून टाकू." ठरवून टाकायचं म्हणजे काय, ते तिघांनाही कळत होतं.

त्या दुपारी काकू मशीनवर बसल्या होत्या. फोडांमुळे सुईत दोरा जाईना. काका उठले, दोरा ओवून दिला आणि तिथेच स्टुलावर बसले.

"एक विचारू?" काकू म्हणाल्या. "तुमची मान अजून दुखते का?"

"कुठली मान? काही नाही झालं मानेला."

काकू कापड सरळ करत राहिल्या. "अहो, इतकी वर्षं तुमचे शर्ट पाठीत विरायचे. सीटला घासून घासून. मी आतून ठिगळ लावायची. शेवटच्या वर्षी पाठ विरायची थांबली आणि कोपरं विरायला लागली. टेबलावर टेकणाऱ्याची कोपरं विरतात."

काकांनी आपल्या कोपरावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ट्रॅफिकचं इतकं रंगवून सांगायचात. मोडवलं नाही."

काकांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं. एवढ्या दिवसांचं ओझं कुणीतरी न विचारता उतरवून घेतलं होतं. "मान वळतच नाही गं," ते म्हणाले. "ट्रॅक्टर मागे बघून चालवावा लागतो. मला नाही जमणार ते."

"मग लेकीला काय सांगू?"

काकू पुन्हा शिवायला लागल्या. काका बघत बसले. पाय पेडलवर हलकेच दाबला जात होता, पुन्हा सुटत होता. नजर सुईवर, मध्येच मागे सरकणाऱ्या कापडावर, पुन्हा सुईवर. एवढा संसार झाला, पण काकांनी बायकोला काम करताना असं नीट कधी बघितलं नव्हतं. सकाळी लवकर ड्यूटी असायची, नाहीतर रात्री उशिरा. शिलाई शेवटपर्यंत सरळ गेली.

"उद्या माझ्याबरोबर दुकानात चल," काका म्हणाले. "टेप घे. आधी ओळी मोजू."

दुसऱ्या दिवशी दुकानदार त्यांना बघून लाल ट्रॅक्टरची चावी आणायला निघाला. काकांनी त्याला थांबवलं.

"त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, चालवणार कोण. ह्या चालवणार."

काकू दचकल्या. "मी? अहो, मला सायकल धड येत नाही."

"माहीत आहे. पडताना मी बघितलंय. याला चार चाकं आहेत."

आणि मग काकांनी ट्रॅक्टर निवडायला सुरुवात केली, खऱ्या अर्थाने. काकूंना एकेका सीटवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसून त्यांचा पाय बघितला. एका ट्रॅक्टरचा क्लच दाबताना काकू सीटवरून पुढे घसरत होत्या, तो बाद. दुसऱ्यात वळून बघितलं की खांब आड येत होता, तोही बाद. निळा बुटका राहिला. काकूंनी टेप लावली. दोन ओळींच्या मधून यंत्रासकट जाऊन दोन्ही बाजूंना हातभर जागा उरत होती. "बाग उताराची आहे," काका दुकानदाराला म्हणाले. "डोक्यावर लोखंडी कमान आणि कमरेला पट्टा, दोन्ही पाहिजेत. ते नसेल तर आम्ही निघालो."

दुकानदाराने चावी पुढे केली. सवयीने काकांचा हात पुढे आला. मग त्यांनी ती घेतली आणि काकूंच्या हातात ठेवली. हे सांगायला सोपं आहे. काकांना सोपं गेलं नाही.

शिकवताना काका कडक होते, म्हणजे असह्यच होते. काकूंनी दोनदा खाली उतरून "तुम्हीच चालवा" म्हटलं, आणि दोनदा परत चढल्या. पहिले दिवस नुसतं रिकाम्या जागेत पुढे, नुसतं थांबणं, नुसतं वळणं. मग यंत्र जोडून एक ओळ. काका दूर कडेला उभे राहायचे आणि ओरडायचे, "मागे बघ! आता पुढे बघ!"

मुलगी आली त्या रविवारी कंडक्टरही आला. सगळी बाग कापलेली होती. लिंबोणीचे बुंधे कितीतरी दिवसांनी मोकळे दिसत होते आणि ओल्या गवताचा वास घरभर भरला होता. मुलगी ओट्यावर बसून आईला शेवटची ओळ संपवताना बघत होती. काय ते ठरवायला आली होती, पण विषय काढला नाही. "आई चालवतेय," एवढंच दोनदा म्हणाली, "आमची आई."

ओळ संपली. काकूंनी यंत्र बंद करून उचललं, ट्रॅक्टर शेडपाशी आणला आणि वळवून पाठ शेडकडे केली. मान वळवून त्यांनी मागे नीट बघितलं. शेड रिकामी होती, वाट मोकळी होती. मग त्या पुन्हा पुढे तोंड करून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिल्या. इंजिन धडधडत होतं.

"घे ना मागे," मुलगी ओट्यावरून म्हणाली. "काही नाहीये मागे."

"अहो," काकूंनी हाक मारली, "मागे माणूस लागतो ना?"

ओट्यावरचा कंडक्टर सवयीने उठायला लागला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बस," ते म्हणाले. "मी जातो."

ते चालत शेडपाशी गेले आणि कडेला, काकूंना दिसतील असे उभे राहिले. ही थाप त्यांनी नोकरीभर ऐकली होती, मारली कधीच नव्हती. हात वर गेला आणि जरासा थांबला. मग त्यांनी शेडच्या पत्र्यावर दोनदा हात मारला.

"येऊ दे," ड्रायव्हरकाका म्हणाले. "येऊ दे."