कुजबुजेकाका गप्प बसतात

नाटकमंडळीत त्यांना सगळे कुजबुजेकाका म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता आणि हातात छोटी बॅटरी घेऊन, नटांना विसरलेली वाक्यं कुजबुजून सांगायची हे त्यांचं काम. माणूस एक नंबरचा उतावळा. एकदा नायकाने मुद्दाम घेतलेल्या विरामात यांनी पुढचं वाक्य इतक्या जोमात पुरवलं, की तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. नायक आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही.

आणि नेमकी अशा माणसाच्या बायकोची वाचा गेली. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. लुळा पडलेला उजवा हात पंधरवड्यात हलू लागला, बोलणं मात्र परतलं नाही. तिला सगळं कळे, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडकत. तिने तोंड उघडलं रे उघडलं की काका सुरू. "पाणी? चष्मा? पाठ दुखतेय?" ती कशाला तरी मान हलवी आणि गप्प होई.

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी काकांना स्वयंपाकघरात गाठलं.

"काका, तुम्ही त्यांना सगळं आयतं देताय. मग त्या कशाला धडपडतील? हे पहिले महिने हातचे घालवलेत तर पुढे फार अवघड जाईल. थांबायला शिका."

"किती वेळ?"

"त्यांना लागेल तितका."

काकांना घाम फुटला. थांबणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. प्रार्थनाही तशीच. रोज सकाळी पलंगाशी गुडघे टेकून ते देवाला पुढचा अख्खा प्रवेश समजावून देत: प्रभू, रविवारपर्यंत तिने 'अहो' म्हणावं, मग लेकीचं नाव घ्यावं, मग चर्चमध्ये सगळ्यांसोबत प्रार्थना म्हणावी. शेवटचं 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ते अर्जाखाली सही ठोकावी तसं उरकत. रविवार आला आणि गेला. असे सहा गेले. काका घरभर येरझारा घालत, देवावर मनातून चिडत, आणि चिडलो म्हणून त्याचीच माफी मागत.

सातव्या सोमवारी दुपारी ती खुर्चीत बसली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. काकांच्या जिभेवर शब्दांची रांग लागली. त्यांनी दात आवळले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मोरीतला नळ ठिबकत होता. काका थेंब मोजू लागले आणि चाळिसाच्या आसपास गोंधळले. तिचे डोळे भरून आले. एकच शब्द पुरवला तर तिची सुटका होईल, असं वाटून त्यांचा जीव तुटत होता.

पण कोणता शब्द? आपल्याला पुढचं वाक्य माहीतच नाही, हे काकांच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. त्यांची मांडी रिकामी होती. त्यांना भयंकर भीती वाटली.

'प्रभू,' ते मनात म्हणाले, 'ती कधीच बोलणार नसेल, तरीसुद्धा... तुला हवं ते.'

पुढे काही सुचलं नाही. भीती गेली नाही, पण ते बसून राहिले.

"खि..." ती म्हणाली.

काकांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"खिड... खिडकी."

'अहो' नाही, लेकीचं नाव नाही, प्रार्थना तर नाहीच. सकाळपासून बिचारीला उकडत असणार, आणि एवढ्या दिवसांत त्यांनी पुरवलेल्या शेकडो शब्दांत हा एक नव्हता.

काका उठले, खिडकी उघडली आणि बाहेर तोंड करून रडले. मागून ती आणखी काहीतरी सांगू लागली. ते वळले आणि काही न बोलता तिच्यासमोर येऊन बसले.