त्या दिवशीचं रक्त

माझं थोडं रक्त तळेगावच्या बाजूला एका हॉस्पिटलात फ्रीजरमध्ये पडून आहे. आपल्या घरच्यासारखा फ्रीजर नव्हे, त्याहून कितीतरी थंड. त्यात म्हणे रक्त वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं. माझ्याबद्दल तसं म्हणता येणार नाही.

मी कुसगावाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीचा वर्ग शिकवते. तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी शाळा सुटल्यावर स्कूटीवरून घरी येत होते. शनिवार म्हणजे लोणावळ्याला येणाऱ्या गाड्यांचा दिवस. त्यातल्या एकीचा धक्का लागला आणि माझं डोकं रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं. हॉस्पिटलात शुद्धीवर आले तोवर डोक्याचा स्कॅन झाला होता आणि तो नॉर्मल आला होता. नेहमीच्या तपासण्यांबरोबर संशोधनासाठी म्हणून रक्ताची एक जास्तीची नळीही भरून घेतली होती. त्या कागदावर आमच्या ह्यांनी सही केली होती. थोड्या दिवसांनी मला घरी सोडलं.

तो 'नॉर्मल' मग माझ्या मानगुटीवर बसला. वर्गातली पोरं एकदम बोलायला लागली की माझ्या डोक्यात घण पडतात. मी कानात कापूस घालून शिकवते आणि तो दिसू नये म्हणून पदर डोक्यावरून घेते. घरी आले की दिवा न लावता पडून राहते. बोलता बोलता चमच्याला चमचा म्हणायचं सुचत नाही आणि मग मी चमच्यावरच चिडते. पूर्वी हळदीला मी असले की बायका पोट धरधरून हसायच्या. आता कुणी थट्टा केली की मला ती उशिरा कळते, तोवर सगळ्यांचं हसून झालेलं असतं.

आणि वास गेला. मावळात राहायचं, घरच्या खाचरातली इंद्रायणी शिजवायची आणि तिचा वास येऊ नये! आमचे हे शेतावरून आले की दारातूनच म्हणतात, "लय भारी वास सुटलाय." मी "हो ना" म्हणते. भात शिजतोय हे मला कुकरच्या शिट्टीवरून कळतं, हे त्यांना कशाला सांगा?

जाऊबाईंना मात्र एकदा सगळं सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "अगं, रिपोर्ट नॉर्मल हाय न्हवं? मग मनातनं काडून टाक." मनातून काढायला ते मनात असतं तर ना! त्यानंतर मी कुणाला काही सांगायच्या फंदात पडले नाही. घरात माणसं भरलेली, शाळेत पोरं भरलेली, आणि मी इतकी एकटी कधीच नव्हते.

यंदा त्या हॉस्पिटलातून फोन आला. तपासणीला या आणि अपघाताच्या आधीपासून तुम्हाला ओळखणारं घरातलं कुणीतरी सोबत आणा, म्हणाले. हे लगेच तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घातला. लोकलनं आम्ही घोरावाडीला उतरलो आणि तिथून रिक्षा केली.

तिथली डॉक्टर आमच्या पुतणीच्या वयाची होती. तिनं नीट समजावून सांगितलं. मेंदूला मार बसला की त्याच्या पेशींमधली काही प्रथिनं रक्तात उतरतात. स्कॅनमध्ये न दिसणारा मारही कधी कधी त्यांच्यावरून ओळखता येतो. डोक्याला मार लागलेल्या सगळ्यांचं तेव्हा साठवलेलं रक्त आता नव्या यंत्रावर तपासायचं होतं. "पण पुढे कोण बरं झालं आणि कोण नाही, हे माहीत नसेल तर त्या आकड्यांना अर्थ नाही, काकू. म्हणून बोलावलं."

स्कॅनमध्ये न दिसणारा मार! त्या पोरीला मिठी मारावीशी वाटली मला. तीन वर्षं जे मला कुणाला पटवता आलं नव्हतं, ते कदाचित त्या नळीला ठाऊक होतं.

"माझ्या रक्तात काय निघालं ते मला कळेल?"

"नाही हो. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. शंभर जणांचं मिळून काय दिसतं तेवढंच आम्ही बघतो."

मग तिनं मला काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातले बरेचसे मी हरवून बसले. काय काय बदललं तेही मी घडाघडा सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं आणि म्हणाली, "आता काकांना विचारते. पेशंटला स्वतःतला बदल कळतोच असं नाही. घरच्यांना बरोबर कळतो."

मी बाहेरच्या बाकावर बसले. मध्ये नुसतं प्लायवुडचं पार्टिशन होतं, सगळं ऐकू येत होतं.

"पूर्वीपेक्षा चिडचिड वाढलीय का त्यांची?"

"न्हाई न्हाई. लय शांत हाय."

"विसरतात का?"

"आमीबी इसरतो की."

"म्हणजे पूर्वीच्यात आणि आताच्यात काहीच फरक नाही?"

"काय बी न्हाई म्याडम. देवाच्या दयेनं येकदम बरी हाय."

म्हणजे माझं रक्त आता बऱ्या झालेल्यांत जमा होणार. त्यात काहीही निघो, बाई ठणठणीत आहे असंच ते समजणार. पण खरं सांगायचं तर रक्ताचं दुःख नंतरचं. ज्याच्याबरोबर पंचवीस वर्षं संसार केला, त्याला आपल्यातलं काहीच हललेलं दिसू नये?

घोरावाडी स्टेशनवर गाडीला वेळ होता. मी न राहवून विचारलं, "तुम्हाला खरंच काही फरक वाटत नाही?"

हे रुळांकडे बघत म्हणाले, "परक्या पोरीम्होरं काय सांगू? बायकूच्या डोक्यावर परिनाम झाला म्हनून? चार लोकांत गेलं तर तुज्या शाळंत काय म्हनतील?"

म्हणजे ह्यांना माहीत होतं. माझं डोकं सटकलं. "मग मला तरी म्हणायचं होतंत एकदा!"

"तुला काय सांगायचं? तुला म्हाईत न्हाई व्हय?"

गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. त्यांना काहीच दिसत नाही असं वाटत होतं तेव्हा बरं होतं, असं मला वाटून गेलं. सगळं दिसत असून माणूस गप्प राहिला होता, त्याचं काय करायचं?

रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते. ह्यांनी डॉक्टरच्या नंबराचं कार्ड मागून घेतलं आणि अंगणापलीकडच्या बांधावर गेले, तिथेच रेंज येते. हे फोनवर नेहमीच ओरडून बोलतात. चार लोकांत जाऊ नये म्हणून ज्यांनी खोटं सांगितलं, त्यांचं बोलणं अख्ख्या आळीनं ऐकलं.

"म्याडम, मी त्या दिशी बराबर सांगितलं न्हाई. ती बरी न्हाई. लिवून घ्या. पयलं लय हसायची, आमालाबी हसवायची. आता न्हाई. कानात कापूस घालती, तिला वाटतं कुणाला दिसत न्हाई. तिला वास बी येत न्हाई. मी मुद्दाम म्हनतो, भाताचा वास सुटलाय, म्हंजी कदी तरी न्हाई म्हनंल आन बोलंल माज्यासंगट. पर ती व्हय म्हनती."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"तसं न्हाई वो. घरातच हाय ती, भाकरी बी करती. पर मला करमत न्हाई तिच्याबिगर."

मी ओला टॉवेल हातात धरून तिथेच उभी राहिले. मलाही तिच्यावाचून करमत नाही. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.