गर्दीनं नाव घेतलं तेव्हा

सत्कार करणाऱ्यांचा एक गोड गैरसमज असतो. त्यांना वाटतं, ज्याचा सत्कार चाललाय त्याला आपली कामगिरी ऐकायला आवडत असणार. शाल-नारळ झाला की सूत्रसंचालन करणारी मुलगी घसा साफ करते आणि सुरू होते: विद्यापीठाची अजिंक्य टेनिसपटू, राज्याची अजिंक्य टेनिसपटू, राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरी, आणि हे सगळं एका मार्करच्या मुलीनं. मग टाळ्या. मग कुणीतरी विचारतंच, ‘एवढं धाडस कुठून आणलंत?’ मी हसते आणि चहा पिते. धाडस कसलं डोंबलाचं! खेळत होते तितकी वर्षं मी भेदरलेली होते. हरण्याची भीती नव्हती, हरलेल्याला कोण विचारतंय. मला भीती वाटायची ती जिंकण्याची.

अब्बा तेव्हाच्या औरंगाबादेत अधिकाऱ्यांच्या क्लबात मार्कर होते. मार्करनं कोर्टावर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, फक्कीनं रेषा आखायच्या, आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायचं. खेळून हरायचंही, आणि तेही अगदी थोडक्यात, म्हणजे साहेबाला घाम येतो आणि त्याची संध्याकाळ चांगली जाते. या कलेत अब्बांचा हात धरणारा कुणी नव्हता. सकाळी साहेबलोक यायच्या आधी ते मला खेळवायचे. त्यांना मुलगा नव्हता आणि मला अक्कल नव्हती, म्हणून जमलं. आमचं दोन खोल्यांचं घर क्लबच्या कुंपणभिंतीला लागूनच होतं. चेंडूचा आवाज अम्मीच्या चुलीपर्यंत यायचा. ती मात्र भिंतीपलीकडं कधी यायची नाही.

निजामाचं राज्य घ्यायला भारताचं सैन्य आलं, ती पोलीस ॲक्शन झाली तेव्हा अम्मी बारा-तेरा वर्षांची होती आणि बीडकडच्या एका खेड्यात राहत होती. त्या दिवसांत एका दुपारी घरासमोर गर्दी जमली आणि गर्दीनं तिच्या मोठ्या भावाचं नाव घेतलं. एकानं नाही, सगळ्यांनी मिळून. आवाज ओळखीचे होते, गावातलेच होते. माझा मामू जेवणावरून उठला, हात धुतले आणि बाहेर गेला. तो परत आला नाही. त्याआधी रझाकारांच्या हातून दुसऱ्यांच्या घरांवरही असंच बेतलं होतं, हे अम्मीला ठाऊक होतं. ती कुणाला शिव्याशाप द्यायची नाही. तिनं त्यातून एवढंच घेतलं होतं की गर्दीच्या तोंडी आपल्या माणसाचं नाव येता कामा नये.

त्यामुळं दारात उभी राहून ती मला कधी नावानं हाक मारायची नाही. ‘ए पोरी’ म्हणायची. पोस्टमननं अब्बांचं नाव पुकारलं तरी तिचा चेहरा उतरायचा. लहानपणी मला याचा राग यायचा. शाळेतल्या इतर मुलींच्या आया गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं त्यांना बोलावत. माझी आई मला चोरीच्या मालासारखी वागवते, असं मला वाटायचं.

जिल्ह्याची स्पर्धा जिंकले तेव्हा पेपरात फोटोसकट बातमी आली. शेजारीण मोठ्या कौतुकानं पेपर घेऊन आली. अम्मीला मराठी वाचता येत नव्हतं, पण फोटो कळत होता. ‘खाली नाव हाय का हिचं?’ तिनं विचारलं. शेजारीण म्हणाली, ‘व्हय की, केवढ्या मोठ्या अक्षरात!’ ती गेली तशी अम्मीनं दाराला कडी घातली आणि भर दुपारी अब्बांना आणि मला घेऊन आतल्या खोलीत बसली. बाहेर भाजीवाला ओरडला. अम्मीनं झटकन माझ्या तोंडावर हात दाबला. हाताला कांद्याचा वास होता. भाजीवाला गल्लीबाहेर जाईपर्यंत तिनं तो काढला नाही. माझा राग त्या दुपारी कुठल्या कुठं गेला. तिची भीती जी माझ्या अंगात शिरली, ती मग निघालीच नाही.

तोडगा अब्बांनी काढला. ‘बाहेरगावी काय जिंकायचं ते जिंक,’ ते म्हणाले. ‘घरी आली की हरले म्हणायचं. मी रोजच हरतो. माझं काय बिघडलं?’

मग तेच चालू झालं. विद्यापीठाचं अजिंक्यपद मिळालं त्या दिवशी अम्मीनं मला जवळ घेऊन माझी समजूत काढली. पुण्याला राज्याचं अजिंक्यपद मिळवून आले तेव्हा तिनं खिचडी आणि चिंचेचा खट्टा केला, माझं दुःख हलकं व्हावं म्हणून. राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरीत मात्र मी खरोखर हरले. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून सांगता आलं, तेवढंच समाधान.

‘फिर हारी?’ ती विचारायची. मी मान खाली घातली की तिचा जीव भांड्यात पडायचा. ‘लई चांगलं झालं. हरलेल्याच्या दारात कोण येतंय? चल, जेव.’

कप क्लबच्या सामानाच्या खोलीत जुन्या जाळ्यांमागं पडलेले असत. सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं, पण अब्बांच्या शब्दाखातर अम्मीपुढं कुणी बोललं नाही. राज्याची अजिंक्य खेळाडू होते मी, आणि माझ्या घरात मी एकही सामना जिंकलेला नव्हता. हसू येतं ना? मलाही यायचं. पण प्रत्येक विजयानंतर बसमध्ये बसले की घर येईपर्यंत एकच घोर लागलेला असायचा. कुणी बोललं असेल का? अम्मी कडी लावून बसली असेल का?

पुढच्या वर्षी राज्यस्पर्धा आमच्याच क्लबात भरवायचं ठरलं. म्हणजे भिंतीपलीकडं अम्मी, अलीकडं गर्दी, आणि गर्दीच्या तोंडी माझं नाव. आधीच्या फेऱ्यांना बाक रिकामेच होते, पण अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळीच अब्बांनी अम्मीला दौलताबादला तिच्या बहिणीकडं, माझ्या खालाकडं धाडलं. सीताफळं घेऊन सावकाश उद्या ये म्हणाले. कॉलेजच्या पोरांपुढं मी हात जोडले, ‘नुसत्या टाळ्या वाजवा, नाव नका घेऊ.’ पोरं हसली. ‘लई नखरे बाई तुझे! बरं, नाय घेत.’

समोर पुण्याची मुलगी होती, चार-चार रॅकेटी बाळगणारी. पहिला सेट मी घेतला आणि बाकांवर हळूहळू माझं नाव सुरू झालं. आधी एक पोरगा, मग दोघं-तिघं. अम्मी गावात नाही हे मला ठाऊक होतं, तरी कान भिंतीकडंच लागलेले. दुसरा सेट मी सोडून दिला. खरंच दिला. चेंडू जाळ्यात मारत गेले, रेषेबाहेर मारत गेले, थोडक्यात हरायचा प्रयत्न करत राहिले. मला ती कला आली नाही, सहज बघणाऱ्यालाही कळावं इतकं वाईट खेळले. सेट संपल्यावर पाणी प्यायला बाजूला गेले तेव्हा अब्बा टॉवेल घेऊन उभे होते.

‘हरायचं काम माझं हाय, बेटा,’ ते हळूच म्हणाले. ‘तू तुझं कर. अम्मी दौलताबादला हाय.’

मग मी खेळले. इतकी मोकळी मी आधी कधी खेळले नव्हते, नंतरही नाही. शेवटचा चेंडू तिच्या उजव्या कोपऱ्यात पडला, ती पोचली नाही, आणि सगळी माणसं उठून उभी राहिली. दिलेला शब्द पोरं विसरली. सगळ्यांनी मिळून, एका सुरात, पाय आपटत माझं नाव घ्यायला सुरुवात केली.

अम्मी दौलताबादला नव्हती. खालाकडं तिचं मन लागलं नव्हतं. पोरगी आज घरच्याच कोर्टावर गावासमोर हरणार, तिला जवळ घ्यायला घरात कुणी नको का, म्हणून ती दुपारच्या बसनं परत आली होती. हे तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. घरात पाऊल टाकून तिनं बुरखा काढला आणि भिंतीपलीकडून गर्दीनं नाव घेतलं.

मी तिला फाटकातून येताना पाहिलं. बुरख्याशिवाय उंबरा न ओलांडणारी माझी आई उघड्या डोक्यानं, अनवाणी, फक्कीच्या रेषा तुडवत धावत आली. ‘अरे, हिची आई!’ कुणीतरी ओरडलं. लोकांना काय, आईला आनंद आवरला नाही असंच वाटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि नाव आणखी मोठ्यानं घुमू लागलं. अम्मी माझ्यापुढं आडवी उभी राहिली. दोन्ही हात पसरून, गर्दीकडं तोंड करून ती म्हणत होती, ‘लहान हाय ती. तिला सोडा. मी येते, मला न्या.’

तिच्या खांद्यावरून मी गर्दी बघितली. तीच पोरं, तेच साहेब, तीच ओळखीची तोंडं. मला त्यांची भीती वाटली. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

‘अम्मी,’ मी तिच्या कानाशी ओरडले, ‘मी जिंकले! ते खुशीत ओरडतायत. मी जिंकले!’

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. ‘गप,’ ती म्हणाली. ‘हरले म्हण. त्यांना सांग, हरले म्हणून.’

आणि मी त्या उभ्या राहिलेल्या माणसांकडं तोंड करून, जितक्या मोठ्यानं ओरडता येईल तितक्या मोठ्यानं ओरडले, ‘हरले! मी हरले!’

गर्दीत कुणालाच ते ऐकू गेलं नाही. अम्मीला ऐकू गेलं. तेव्हा कुठं तिनं हात खाली घेतले.