नाव नसलेलं गाव

रशियन कादंबरीच्या तासाला तन्वीने पुस्तक मिटून ठेवलं. तिचा भाऊ युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होता. युद्ध सुरू झालं तेव्हा दिवसच्या दिवस तळघरात काढून तो घरी परतला. मी नेहमीप्रमाणे लेखकाची अथांग करुणा समजावत होते.

"अभ्यासक्रमातून काढून टाकायची का ही कादंबरी?" मी विचारलं.

"नको मॅडम. करुणा आहेच. पण यातली रशियन फौज ज्या गावात शिरते, तिथलं कुणी बोलतच नाही."

"परीक्षेत येणार का हे?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. तन्वीही हसली.

मोठ्या लेखकालाही सगळं दिसत नाही. आपण मात्र मुलांना त्याच्याच जागी उभं राहून बघायला शिकवतो.

फौज गावात शिरते ते पान आम्ही पुन्हा वाचलं. तरुण अधिकाऱ्याच्या मनाची घालमेल होती, त्याच्या घोड्याला नाव होतं. गावाला नव्हतं.