एकटीनं सोडवलेली गणितं

प्रिती गमरे ही नायगावच्या चाळीतली माझी शेजारीण. अकरावीत आहे आणि गणितासाठी वेडी. निवडक मुलांसाठी उन्हाळ्यात गणिताचं एक शिबिर भरतं, तिथं जायचा तिला ध्यास.

गेल्या वर्षी अर्जासोबत अवघड गणितं आली. आमच्या चाळीत अभ्यास गॅलरीत व्हायचा. मुलं भिंतीला टेकून बसायची आणि येणारा-जाणारा वहीत डोकावायचा. प्रितीनं खडूनं लादीवर आकृत्या काढल्या नि माझ्यासकट अख्ख्या मजल्यानं त्यात नाक खुपसलं. अर्जाच्या शेवटी विचारलं होतं, ‘कोणाची मदत घेतली?’ या बयेनं सगळ्यांची नावं लिहिली, चहा देणाऱ्या कमळाआजींचंसुद्धा!

निवड झाली नाही. मी भडकले. “अगं, गणितं एकटीनं सोडवायची असतात!”

“एकटीनं म्हणजे कुठे बसून, ताई?” तिनं खरंच विचारलं.

यंदा पुनर्विकासात चाळ रिकामी झाली नि आम्ही सगळे नव्या टॉवरमध्ये आलो. प्रितीला स्वतःची खोली मिळाली. परवा तिच्याकडे गेले तर फोनवर तिचा अर्ज भरून झाला होता. गणितं सगळी तिची तिनंच सोडवलेली. फक्त मदतीचा रकाना कोरा होता.

“लिही ना, कोणाचीच नाही म्हणून.”

“लिहवत नाही गं, ताई.”

ती उठली, बाहेरचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. लिफ्टपर्यंत सगळी दारं बंद होती.